मांडीखालचे हात

दिवाळीचा आकाशकंदील उतरवायचा आळस मी दरवर्षी करते. तो गॅलरीत तसाच लोंबकळत असतो, त्याच्या शेपट्या वाऱ्याने एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि मग एका सकाळी मनमाड रोडवरून ट्रॅक्टरचा तो ओळखीचा आवाज येतो. सावेडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून, समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून, तो रस्ता जेमतेम चार बोटं दिसतो. तेवढ्यातून ट्रॉल्या सरकत जातात. बांबूचे जुडगे, गुंडाळलेल्या चटया, पत्र्याच्या पेट्या, डालग्यातल्या कोंबड्या, एखादी उभी शेळी, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. पाथर्डीकडची, शेवगावकडची, ऊसतोडीला निघालेली. शेजारच्या काकू दुधाची पिशवी आत घेता घेता म्हणतात, "आली बाई थंडी." मी हो म्हणते आणि दार लावून घेते. माझ्याकडे थंडी येत नाही. गळिताचा हंगाम येतो, आणि तो आला की माझे तळहात बधिर होतात.

डॉक्टरांना दाखवून झालंय. मानेचा मणका बघून झाला, रक्तातली साखर बघून झाली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, तुम्ही कॉम्प्युटरवर फार बसता. मी मान डोलावली. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी चिठ्ठी लिहून मला वेगळ्याच डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

खरं कारण असं, की चौदा वर्षांपूर्वीचा एक अख्खा हंगाम मी स्वतःच्या हातांवर बसून काढला आहे. हे बोलायचं म्हणून बोलत नाही. राहुरीच्या पुढे, मुळेच्या कालव्याला लागून एक माळ आहे. तिथे तोडणीवाल्यांचा अड्डा पडला होता. त्यातल्या एका कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चटईवर, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून मी आठवड्यातले चार दिवस दुपारभर बसायचे. माझ्यासमोर पाच वर्षांची एक मुलगी बसायची, जिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिचं नाव जना. माझ्या मागे तीन पायांवर कॅमेरा उभा असायचा.

मी तेव्हा पुण्याला पीएच.डी. करत होते. विषय सांकेतिक भाषा. कर्णबधिर माणसं हातांनी बोलतात ते नुसते हातवारे नसतात. त्या भाषेला स्वतःचं व्याकरण असतं, भुवया उचलल्या की विधानाचा प्रश्न होतो, हात हवेत कुठे थांबला यावरून कोणी कोणाला दिलं ते कळतं. हे सगळं मला तेव्हा नुकतंच कळलं होतं आणि नवीन मोटरसायकल घेतलेल्या माणसासारखी मी ते भेटेल त्याला सांगत सुटले होते. पण माझा प्रश्न याच्याही मागचा होता. ज्या मुलाला ऐकू येत नाही, आणि ज्याला हातांची भाषाही कोणी शिकवलेली नाही, ते मूल घरातल्या घरात आपली आपण भाषा रचतं का? रचलं तर तिच्यात काय काय असतं? जगात बऱ्याच ठिकाणी यावर काम चाललेलं आहे. अशी मुलं शोधून सापडत नाहीत. शहरात सापडतात तेव्हा उशीर झालेला असतो, कोणीतरी त्यांना चार खुणा शिकवून मोकळं झालेलं असतं.

जना मला सापडली तेव्हा कोरी होती. हा शब्द मी वहीत लिहिलेला आहे. तारखेखाली, दोनदा अधोरेखित करून.

माझे मार्गदर्शक सर फार भले गृहस्थ होते. त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. "तुला सांकेतिक भाषा येते, हाच तुझा धोका आहे. तुझे हात तिच्या भाषेत मिसळता कामा नयेत. एक खूण तुझ्याकडून गेली की सगळं काम वाया." शास्त्र म्हणून यात चूक काढता येत नाही. मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना जवळपास हेच सांगते. पण मला तेव्हा हात आवरत नसत. बोलता बोलता ते आपसूक उठायचे. पहिल्या दोन दिवसांचं चित्रण त्यामुळे बाद झालं. तिसऱ्या दिवशी मी हात मांडीखाली घातले आणि ते तिथेच ठेवायची सवय लावून घेतली. घरी परतताना एसटीत तळहात उघडून बघितले की त्यांवर चटईचे वळ दिसायचे, बारीक, तिरपे, दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत टिकणारे.

आता त्या दुपारींचं काय आठवतं म्हणाल तर आधी वास आठवतो. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास, जो पहिले चार दिवस नकोसा होतो आणि पाचव्या दिवशी येईनासा होतो. वाळलेल्या पाचटाचा. शिळ्या भाकरीवर चोळलेल्या लसणाचा. अड्ड्यावर दुपारी मोठी माणसं नसायचीच, सगळी उसाच्या फडात तोडायला. राहायच्या त्या दोन-चार म्हाताऱ्या, पोरंटोरं आणि बांधलेली वासरं. वारा सुटला की सगळ्या कोप्यांचं पाचट एकदम सळसळायचं आणि मी दचकायचे. जना दचकायची नाही. तिला तो वारा गालाला लागायचा तेवढाच.

तिची आई कौसाबाई, वडील बाबूराव. दोघांचा मिळून एक कोयता. तोडणीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, माणसं अशी मोजतात. कौसाबाई तीनच्या सुमाराला फडातून परतायची, हाताला उसाच्या पात्यांनी बारीक चिरा पडलेल्या, आणि आल्या आल्या लेकीकडे बघायची. लेक बसलेली असायची, न्हाऊन माखून, केसांना तेल, अंगात तोच एक लाल फ्रॉक. बाकीची पोरं मातीत लोळत असताना ही एकटी तशी चकचकीत. मला वाटायचं, कॅमेऱ्यासमोर येते म्हणून आईची हौस. मी तसं एकदा म्हणालेही, "कशाला रोज एवढं करता, आहे तशी चालेल की." कौसाबाई ओशाळली. "आसं कसं म्याडम," म्हणाली, "तुमी येवडं लांबून येता."

जनाची भाषा सुंदर होती. इतकं सरळ वाक्य मी माझ्या प्रबंधात लिहू शकले नाही. आई म्हणजे नाकपुडीवर टेकलेलं बोट, कौसाबाईची चमकी. बाप म्हणजे मिशीवरून फिरवलेला अंगठा. मुकादम म्हणजे छातीवरच्या खिशावर थाप. कारखाना म्हणजे सरळ वर उचललेला हात आणि टोकाला उघडत जाणारी मूठ, तो धूर. उद्या म्हणजे गालाखाली तळवा एकदा, परवा म्हणजे दोनदा. आणि गाव. गाव सांगायचं तर ती नुसता हात लांब करायची, डोळे बारीक करून, पूर्वेला. कोपीच्या आत, दार कुठल्याही बाजूला असो, हात पूर्वेलाच. मी होकायंत्र आणून तपासलं. एकदाही चुकली नाही. मी कुठे जायचे ते तिला माहीत नव्हतं, पण तिचं गाव कुठे आहे हे त्या पोरीच्या हाडांत होतं.

मी चित्रं दाखवायचे. मांजर उडी मारतं, माणूस भिंतीवर खडूने रेघा मारतो, मुलगी आजीला केळं देते. तिने हातांनी ती गोष्ट सांगायची, मी बघायची. ती सांगायची. आणि सांगून झालं की थांबायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि उजवा तळवा उताणा करून किंचित हलवायची. भुवया वर.

ही तिची प्रश्नाची खूण. काय? कसं? बरोबर का? तुझ्याकडे याला काय म्हणतात? यातलं काहीही. मी हसायचे, मान हलवायचे, पुढचं चित्र काढायला तेवढा एक हात बाहेर घ्यायचे आणि पुन्हा मांडीखाली सारायचे. ती माझ्या मांडीकडे बघायची.

एकदा तिने आपल्या हाताने माझा हात बाहेर ओढला होता. अगदी हलकेच, कोंबडीच्या पोटाखालचं अंडं काढावं तसा. तो तिने आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटसुलट करून बघितला, मग माझी बोटं एकेक करून हलवली आणि माझ्याकडे बघून पुन्हा तळवा उताणा केला. हे सगळं चित्रणात आहे. त्यात माझा गुडघा दिसतो, ओढणीचं टोक दिसतं, आणि माझा हात दिसतो, पडून राहिलेला. मग तो हात परत आत जातो. मागे कुठेतरी वासरू हंबरतं.

विलासदादांचं सांगायला हवं. सावेडीतच त्यांचं शिलाईचं दुकान आहे. जन्मापासून कर्णबधिर, नगरच्या निवासी शाळेत शिकलेले. मला सांकेतिक भाषा आली ती त्यांच्या दुकानात बसून. पुस्तकातली नव्हे, खरी, चेष्टेमस्करीसकट. कर्णबधिरांमध्ये प्रत्येकाचं एक खुणेचं नाव असतं, माणसाच्या सवयीवरून पडलेलं. त्यांनी माझं नाव ठेवलं होतं नाकावरून घसरणारा चष्मा. पौषातल्या एका रविवारी मी त्यांना हौसेने अड्ड्यावर घेऊन गेले. बजावून नेलं होतं, दादा, हात खिशात. त्यांनी मान डोलावली. जनाने त्यांना बघितलं, आणि दहा मिनिटांत त्या दोघांचं काय जमलं देव जाणे. त्यांनी तिला पाण्याची खूण दाखवली. मग भाकरीची. मग शेळीची. तिने तिन्ही उचलल्या, परत केल्या, मग शेळी आणि पाणी जोडून शेळीला पाणी असं काहीतरी केलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हात मारून खदखदून हसली. त्या हंगामात तिला तशी हसताना मी तेवढीच बघितली.

मी कॅमेरा बंद केला. दादांना बाहेर आणलं आणि कालव्याच्या कडेला उभं राहून हातांनीच त्यांच्याशी भांडले. मी म्हणाले, "तुम्ही माझं दोन महिन्यांचं काम घालवलंत."

मग त्यांनी हळू, सुटं सुटं करून विचारलं, "मुलगी पाच वर्षांची आहे. तू कधी देणार तिला?"

"मे महिन्यात प्रबंधाचं झालं की. शाळेचं बोलेन मी."

"पाच वर्षांची आहे," त्यांनी परत सांगितलं. परत तेच, बोटं ताणून, पाच.

त्यांना जे म्हणायचं होतं ते मला त्यांच्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. भाषेला वाफसा असतो. पहिली काही वर्षं जमीन अशी असते की टाकाल ते रुजतं. कानातून जावो की डोळ्यांतून, मेंदूला त्याचं काही नसतं. ती वर्षं रिकामी गेली तर पुढे शिकता येतं, पण कष्टाने, आणि काही गोष्टी कधीच पक्क्या बसत नाहीत. माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात हे बावीस पानं लिहिलेलं आहे. ते प्रकरण मी त्याच जानेवारीत लिहिलं. दुपारी जनासमोर हात मांडीखाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसून बावीस पानं. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. दादांना मी पुन्हा नेलं नाही. त्या रविवारनंतर पंधरा दिवस जना पाण्याची ती खूण करत राहिली, मला दाखवून दाखवून, मी उत्तर दिलं नाही, आणि मग ती विसरली. मी सुटकेचा निःश्वास सोडला. हेही वहीत आहे.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. अड्डा दोन दिवसांत मोडला. मी शेवटच्या दिवशी जाऊ शकले नाही, पुण्यात चर्चासत्र होतं. मुकादमाबरोबर कौसाबाईसाठी साडी आणि जनासाठी फ्रॉक पाठवला. मे महिन्यात प्रबंध झाला नाही, पुढच्या डिसेंबरला झाला. त्यांच्या गावाचं नाव माझ्याकडे होतं. पाथर्डीच्या पुढे दोन तास. मी गेले नाही. आधी वेळ नव्हता, मग लाज वाटत होती, आणि मग मी एक वाक्य तयार केलं आणि त्याच्या आडोशाला राहू लागले. ते वाक्य असं: त्यांनी तिला पाठवलंच नसतं. सहा महिने घराबाहेर असणारी माणसं, पाच वर्षांची मुलगी, निवासी शाळा, नगरला. कोण पाठवतं? मी सांगितलं असतं तरी काही झालं नसतं.

हे वाक्य चांगलं दणकट होतं. चौदा वर्षं टिकलं.

एकदाच त्याला धक्का बसला. परदेशात एका परिषदेत मी जनावरचा निबंध वाचला. पूर्वेकडे लांब केलेल्या हाताचं चित्रण दाखवलं तेव्हा सभागृहात कर्णबधिरांची टाळी झाली, म्हणजे शेदोनशे हात हवेत थरथरले, बिनआवाजाचे. मग पुढच्या रांगेतली एक कर्णबधिर बाई उठली आणि दुभाष्यामार्फत तिने विचारलं, त्या मुलीचं पुढे काय झालं? मी म्हणाले, संपर्क राहिला नाही. ते कुटुंब स्थलांतर करतं. ती बाई उभीच राहिली. तिने नुसता तळवा उताणा केला. ती खूण जगभर जवळजवळ तशीच आहे.

तेव्हापासून ते चित्रण मी सहसा लावत नाही. पण हंगाम आला की लावते. दुपारी घरात कोणी नसताना, पडदे ओढून. पन्नासेक तास आहे. मी आता चित्रं बघत नाही, व्याकरण बघत नाही. चित्र सांगून झाल्यावर ती थांबते आणि वर बघते, तेवढंच बघते. ती माझ्याकडे बघत असते पण कॅमेरा माझ्या खांद्यामागे होता, त्यामुळे आता ती थेट माझ्या दिवाणखान्यात बघते. तळवा उताणा. भुवया वर. गंमत म्हणजे कोपीत मला तो प्रश्न अर्ध्या सेकंदाचा वाटायचा. चित्रणात तो फार लांब आहे. मी कधीतरी खुर्चीत बसल्या बसल्या उत्तर देते. मांजर. उडी. भिंत. बरोबर, बरोबर आहे गं. हात पूर्ण उचलून, नीट, जसं शिकवताना करते तसं. ती पुढच्या चित्राकडे वळते.

यंदा मी गेले ते तिला शोधायला नव्हे. मी आता कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांना शिकवते, आणि हंगामात अड्ड्यांवर फिरून अशी मुलं हुडकून शाळेपर्यंत न्यायची, हे काम गेली काही वर्षं अंगावर घेतलं आहे. का घेतलं आहे ते विलासदादांना कळतं, पण ते बोलत नाहीत. पूर्वी दुकानावरून गेले की ते विचारायचे, ती मुलगी कशी आहे? मी म्हणायचे, बरी असेल. मग त्यांनी विचारणं सोडलं.

राहुरीच्या अलीकडे एका अड्ड्यावर दुपारची पोचले. ठरलेला प्रश्न विचारला, कोणाचं लेकरू ऐकत-बोलत नाही असं आहे का? पाणी भरणारी एक बाई म्हणाली, "लेकरू न्हाई, पर एक मोठी पोरगी हाय. त्या कडच्या कोपीत. मायलेकीचा कोयता हाय त्यांचा."

कौसाबाईने मला आधी ओळखलं. केस पिकलेले, समोरचे दोन दात गेलेले, पण नाकातली चमकी तीच. "म्याडम," ती म्हणाली, "लई दिसांनी. चष्मा बदलला व्हय." तिने पोतं अंथरलं. बाबूरावांची कंबर गेली, ते गावाकडे शेळ्या बघतात, म्हणून आता तोडायला आई आणि लेक, असं तिने सांगितलं. आणि मग पाचटाचा भारा डोक्यावरून टाकत एक उंच, रुंद खांद्यांची मुलगी आत आली. एकोणीस वर्षांची. कपाळाला मळलेला रुमाल. तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि खाली बसून दोन्ही हात आपल्या मांडीखाली घातले. मान थोडी कलती करून, हसरा चेहरा करून, तसंच बसून राहिली. नक्कल इतकी हुबेहूब होती की मला तो हसरा चेहरा ओळखू आला.

"तुमचं नाव हाय त्ये," कौसाबाई म्हणाली. "तुमचं काय निघालं की आमी आसंच म्हनतो."

मी जनाशी बोलायला हात उचलले. चौदा वर्षांनी. पाणी, शेळी, भाकरी. ती बघत राहिली. कुतूहलाने, अदबीने, परक्या गावच्या माणसाचं बोलणं ऐकावं तशी. तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. मग ती आणि आई आपसात बोलल्या, भराभर, लहान लहान खुणांनी, चुलीबद्दल, कोणाच्या तरी बैलाबद्दल, मुकादमाबद्दल. त्यात बरंच काही होतं. जेवढं दोन माणसांत मावतं तेवढं सगळं होतं.

मला राहवलं नाही. मी कौसाबाईला म्हणाले, "अजूनही शिकता येईल तिला. लहानपणाएवढं सोपं नाही, पण येईल. नगरला मोठ्यांसाठी वर्ग असतो. मी स्वतः बघते सगळं."

ती चकित झाली. "म्हंजी आता घ्येतील व्हय? तवा तर न्हाई घेतली."

"कोणी नाही घेतली?"

"शाळंनं. तुमी परीक्षा घेतली की तिची."

मला वाटलं, ती दुसऱ्या कोणाचं काही सांगते आहे. मी म्हणाले, "मी कुठली परीक्षा घेतली?"

"आवं, त्ये नव्हं का. चार म्हयने चित्रं दावून इचारत हुता. कागदावर आंगठे घेतले, फोटू काढले, वहीत लिवत हुता. मुकादम म्हनला, बहिऱ्या पोरांच्या शाळंच्या बाई हायेत, पोरगी पास झाली की फुकाट ठिऊन घ्येतील. म्हनून तर तुमाला कोपीत बसू दिलं. हिचा बाप म्हनत हुता, पोरगी न्हाई सोडायची लांब. मी म्हनलं, सोडायची. भांडले मी त्येच्याशी. तुमी गेल्यावर सांच्याला चुलीपुढं बसून मी तुमची चित्रं राखंत काढायचे बोटानं. मांजर, आन् त्यो भितीवर खडूनं रेघा मारनारा गडी. तिच्याकडून परत परत करून घ्येयाचे. दिसभर तोडून हात उचलत न्हवते, पर म्हनलं, येकदा पास हुंदी."

मी विचारलं, "मग मला का नाही विचारलंत?"

"तुमी बोललाच न्हाई की निकालाचं. पट्टा पडला, तुमी आलाच न्हाई. साडी धाडली. तवा आमी समजून गेलो." ती हे रागाने म्हणत नव्हती. पाऊस कमी झाला त्या सालचं सांगावं तसं सांगत होती. "तुमचं तोंड तर हसरं आसायचं, पर तिनं किती बी केलं तरी तुमी हात काय बाहीर काढंना. मी म्हनायचे, अजून बरुबर येत न्हाई पोरीला. अजून करून घ्यावं."

म्हणजे त्यांनी पाठवलं असतं. आई नवऱ्याशी भांडून, दिवसभर ऊस तोडून, राखेत मांजर काढून, पाठवायला तयार बसली होती. त्या पन्नास तासांत जना मला नुसतं विचारत नव्हती. ती दर चित्रानंतर निकाल मागत होती. आणि कोरं राहावं म्हणून मी जे जपत होते, ते रोज चुलीपुढे घोटवून घेतलेलं होतं. माझ्या शास्त्राचं काय झालं हा विचार मला त्या क्षणी शिवला, हेही सांगून टाकते, कारण तो शिवला. मग तो गेला आणि राहिली ती समोर बसलेली मुलगी. ती आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, काय चाललंय म्हणून.

"तिला माहीत आहे?" मी विचारलं. "म्हणजे ही परीक्षा वगैरे?"

"म्हाईत हाय की. लहान हुती, पर इचारायची, शाळा कदी? मग सांगावं लागलं."

"तिला आत्ता सांगा," मी म्हणाले. "ती नापास झाली नव्हती. तिचं सगळं बरोबर होतं. एकूण एक. चूक माझी होती. एवढं सांगा तिला, कौसाबाई, माझ्यासमोर सांगा."

कौसाबाईने लेकीकडे तोंड केलं. बोट माझ्याकडे दाखवलं, मग तिच्याकडे. मग मोळी बांधताना वाळका ऊस निघाला की उपसून बाजूला भिरकावतात, तसा हात भिरकावला. जनाने लगेच मान डोलावली, जुना शब्द ऐकल्यासारखी, आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवून हो म्हणाली.

"ही झाली नापासची खून," कौसाबाई म्हणाली. तिचा हात हवेत तसाच राहिला होता. तिने तो खाली घेतला, परत उचलला, परत खाली घेतला. मग माझ्याकडे वळली.

"पास व्हायची खून आमी केलीच न्हाई, म्याडम. लागलीच न्हाई कदी."